आधी कर्जखत दाखवा!

(कुटुंब प्रबोधनाच्या एका कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



ऋण हा शब्द आपल्या समाजात केवळ पैशाच्या देवघेवीपुरता कधीच नव्हता. माणूस जन्माला येतो तोच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन, अशी आपली धारणा. ऋण काढून तूप पिण्याचा चार्वाकी सल्ला आपल्याकडे चवीने सांगितला गेला, पण संसार मात्र अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांनीच केले. कोणाचे दोन पैसे अंगावर राहिले तर झोप न लागणारी माणसे याच समाजाने घडविली. वाण्याची उधारी महिन्याच्या पहिल्या तारखेला चुकती करणारी मध्यमवर्गीय कुटुंबे हे आपल्या समाजाचे फार मोठे नैतिक भांडवल आहे.

आज एका निराळ्याच जातीचे लोक या भांडवलावर धंदा करू लागले आहेत. न घेतलेल्या कर्जाचा, न राहिलेल्या थकबाकीचा तगादा दूरध्वनीवरून लावायचा आणि घाबरलेल्या माणसाकडून मिळेल तेवढे उकळायचे, हा तो धंदा. या भामट्यांना हप्ते बुडविणारा माणूस नकोच असतो. तो निर्ढावलेला असतो. दोन शिव्या हासडून फोन ठेवून देतो. यांना हवा असतो तो वेळेवर वीजबिल भरणारा, घरपट्टीची पावती फाईलला लावणारा, 'पोलीस' हा शब्द ऐकताच ज्याच्या घशाला कोरड पडते असा पापभीरू गृहस्थ. प्रामाणिकपणा हाच त्याचा दुबळेपणा ठरविला जातो. या फसवणुकीतील रक्कम काही हजारांची असेल किंवा काही लाखांची. पण एका सज्जन माणसाला त्याच्या सज्जनपणाचीच शिक्षा होते, ही यातील खरी संतापाची गोष्ट आहे.

पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारींत गावे बदलतात, रकमा बदलतात. फोनचा साचा मात्र फारसा बदलत नाही. तो साचा एका घरात मांडून पाहू. हे घर कोणा एकाचे नाही. म्हणून नावही नको.

एक घर, एक फोन

जिल्ह्याच्या गावी राहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी बंगळुरूला. सकाळी अकराचा सुमार. पूजा आटोपून गुरुजी वर्तमानपत्र घेऊन बसलेले. फोन वाजतो. पलीकडून अदबीचा आवाज : "नमस्कार सर. आपणच ना ते हेडमास्तर?" आणि मग गुरुजींचे संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, ज्या वाड्यातून पंधरा वर्षांपूर्वी बिऱ्हाड हलविले त्या वाड्याचा पत्ता, पॅनकार्डाचे शेवटचे चार अंक. सारे अचूक. गुरुजी सावरून बसतात.

"सर, २०११ साली एका सहकाऱ्याच्या कर्जाला आपण जामीन राहिला होतात. ते कर्ज थकले आहे. पतसंस्थेने ते आमच्या कंपनीला विकले. व्याजासह एक लाख बेचाळीस हजार. आज दुपारी चार वाजता लोकअदालतीत आपल्या नावाचे वॉरंट निघते आहे. आपण शिक्षक, म्हणून आधी कळवतो आहे."

गुरुजींनी जामिनकीच्या सह्या खरोखरच केल्या होत्या. एक नव्हे, पाच-सहा. शिक्षकांच्या पतसंस्थेत कोण करीत नाही? आज तू माझ्या, उद्या मी तुझ्या, असाच तो व्यवहार. त्यांतले कोणाचे कर्ज कधी फिटले, याचा हिशेब कोण ठेवतो? म्हणूनच "मी असे काही केलेले नाही" हे वाक्य गुरुजींच्या ओठांवर येत नाही. ते आठवू लागतात. आणि माणूस आठवू लागला की भामट्याचे अर्धे काम झालेले असते.

पुढचे सारे ठरल्याप्रमाणे. फोन एका 'साहेबां'कडे दिला जातो. त्यांच्या मागे बिनतारी यंत्राची खरखर, "जीप काढा" अशी आरडाओरड. साहेब दरडावतात : चारशे वीस लागेल, पेन्शन गोठेल, पोलीस घरी येतील, शेजारीपाजारी बघतील. मग पहिला अदबीचा आवाज परत येतो आणि त्याला गुरुजींच्या वयाची दया येते. साहेबांना सांगून तडजोड करून देतो, अठ्ठावीस हजारांत मिटवू. पण एक वाजायच्या आत. "आणि सर, मुलाला यात आणू नका. त्याच्या कंपनीत नोटीस गेली तर पोराच्या नोकरीवर येईल." व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद येऊन पडतो. त्यावर अशोकस्तंभ, गोल शिक्का, इंग्रजी मजकूर.

स्वयंपाकघरातून काकू बाहेर येतात. गुरुजींच्या हातात फोन, कपाळावर घाम.

या घराकडे पुन्हा येऊ. आधी त्या फोनची चिरफाड केली पाहिजे.

भामट्याला एवढी माहिती कोठून मिळते, हा पहिला प्रश्न. गेली पंचवीस वर्षे आपण आपल्या ओळखपत्रांच्या झेरॉक्सा जगभर वाटत आलो आहोत. सिमकार्डाच्या दुकानात, हॉटेलच्या नोंदवहीपाशी, गॅसच्या एजन्सीत, पतपत्राचा अर्ज भरून घेणाऱ्या पोराच्या हाती. संगणकाच्या युगात त्यांच्या याद्या झाल्या आणि याद्यांचा बाजार झाला. तेव्हा कोणाला आपले नाव, पत्ता, पॅन ठाऊक असणे एवढ्यावरून त्याच्यापाशी आपली कुंडली आहे असे मानण्याचे कारण नाही. आपल्याविषयी माहिती असणे ही एक गोष्ट आणि आपल्याकडून येणे असणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत करविण्यावरच पुढची सारी इमारत उभी राहते.

दुसरी गोष्ट घाईची. खरा धनको कितीही कडक असो, तो घाईत नसतो. त्याच्यापाशी कागद असतो, वकील असतो, आणि व्याज वाढत असते. "एक वाजायच्या आत" ही निकड त्यालाच असते, ज्याला ठाऊक आहे की एक वाजेपर्यंत समोरच्याला कोणीतरी शहाणा माणूस भेटेल. आणि म्हणूनच तिसरी गोष्ट येते : मुलाला सांगू नका. बँक कधी म्हणते का, की कर्जाचे घरात बोलू नका? उलट ती सहकर्जदार मागते, जामीनदार मागते, चार सह्या जास्तच घेते. गुप्ततेची अट घालणारा तगादा हा तगादाच नव्हे.

खताशिवाय कर्ज नाही

तगादा आपल्या समाजाला नवा नाही. मराठेशाहीत धनको ऋणकोच्या दारात तकाजाला बसे, त्याचे बाहेर जाणे अडवी, प्रसंगी स्वत: उपाशी राहून त्यालाही उपाशी ठेवी. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या प्रथेचे वर्णन आहे. दैवी कोपाची धास्ती घालून दारात धरणे धरणे हा १८६० च्या भारतीय दंडविधानात गुन्हा ठरला; कलम ५०८ खाली तर धरण्याचेच उदाहरण छापलेले होते. प्रथा जाचक होती यात शंका नाही. पण त्या धनकोला चेहरा होता. तो गावातला होता, उन्हात बसलेला दिसत होता, आणि त्याच्या बटव्यात खत होते. आजच्या फोनवरच्या तगादेदाराला ना चेहरा, ना गाव, ना खत.

आणि खत हीच तर मुद्द्याची गोष्ट. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. 'दख्खनचे दंगे' या नावाने इतिहासात त्याची नोंद आहे. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकारांच्या घरातून कर्जखते आणि हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. त्या निरक्षर शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की कळली होती : कर्ज कागदात राहते. पुढे १८७९ साली डेक्कन शेतकरी कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत लागू झाला. त्या कायद्याने न्यायाधीशावर अशी जबाबदारी टाकली, की नुसते खत पुढे आले म्हणून निकाल द्यायचा नाही; खताच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती, भरणा किती, हा व्यवहाराचा सारा इतिहास तपासायचा. सावकाराने पावती देणे आणि हिशेब दाखविणे हेही बंधनकारक झाले. त्याच्याही फार पूर्वीपासून हिंदू विधीत दामदुपटीचा दंडक होता : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. (बँकांच्या आजच्या कर्जांना तो लागू पडत नाही, हे ओघाने सांगितले पाहिजे, नाहीतर कोणी उद्या शाखाधिकाऱ्याशी वाद घालायला जाईल.)

सांगायचे ते इतकेच, की 'हिशेब दाखवा' असे म्हणणे हा बुडवेपणा नव्हे. येणे आहे हे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर असतो. आपल्या सभ्य घरांतून नेमके उलटे घडते. कोणी येणे सांगितले की ते नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपलीच, अशी समजूत होते आणि माणूस स्वत:च्या स्मरणशक्तीची उलटतपासणी घेऊ लागतो. वास्तविक विचारायचे ते समोरच्याला : मूळ करार कोठे आहे? माझी सही कोठे आहे? खाते क्रमांक कोणता, शेवटचा भरणा केव्हा झाला? कागद टपालाने पाठवा. बस्स. एवढ्या एका मागणीने खरा वसुली अधिकारी आणि भामटा लख्ख वेगळे होतात. खरा माणूस म्हणतो, पाठवतो. भामटा चिडतो.

आता वॉरंटाविषयी. कर्ज थकणे हा स्वत:हून फौजदारी गुन्हा नाही. तो दिवाणी मामला आहे. धनको दावा लावतो, समन्स येते, सुनावणी होते, हुकूमनामा होतो, मग त्याची बजावणी. हुकूमनाम्याच्या बजावणीत दिवाणी कैदेची तरतूद आहे खरी. पण तीही ऐपत असून जो जाणूनबुजून देत नाही त्याच्यासाठी. केवळ देण्याची ऐपत नाही म्हणून कोणाला तुरुंगात घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८० सालीच स्पष्ट केले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक वा कैद करता येत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५६ सांगते. घरात एकट्या असणाऱ्या माताभगिनींनी हे कलम ध्यानात ठेवावे. धनादेश न वटण्याचा गुन्हा मात्र खरा आहे. परंतु तेथेही बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नंतर पैसे भरायला पंधरा दिवस, आणि त्यानंतर न्यायालयात तक्रार, असा क्रम आहे. अकराला फोन आणि चारला अटक, असा क्रम कोणत्याही कायद्यात नाही.

लोकअदालतीचे नाव घेणे ही तर निव्वळ बदमाशी. लोकअदालत चालते उभय पक्षांच्या संमतीवर. बँका दावा लावण्याआधी तडजोडीसाठी लोकअदालतीची सूचना पाठवितात हे खरे आहे. तशी सूचना आली तर ती पडताळून अवश्य जावे. पण तडजोडीसाठी बोलाविलेल्या माणसाला तेथून अटकेचे वॉरंट निघत नाही. चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावणे हेही वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही व्यवस्था कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये देशाला सांगितलेच आहे. थांबा, विचार करा, मग कृती करा, हे त्यांनी दिलेले सूत्र या फोनलाही तंतोतंत लागू पडते.

राहिले गुरुजींच्या बाबतीतले पतसंस्थेचे कर्ज. सहकारी संस्थेला थकबाकी वसूल करायची तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला घ्यावा लागतो. त्याआधी कर्जदाराला आणि जामीनदाराला नोटीस जाते, म्हणणे मांडायची संधी मिळते. तो मार्ग लांबचा आहे आणि कागदांनी भरलेला आहे.

दिवंगत वडिलांच्या कर्जाच्या नावाने येणारे फोन हा आणखी एक क्रूर प्रकार. तेराव्याचे मांडव उतरतात न उतरतात तोच फोन येतो. बापाचे कर्ज फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य, असे आपल्या धर्मशास्त्राने मानले आणि इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही ते उचलून धरले. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जांपुरता तो आधार कायद्याने काढून घेतला आहे. वारसाची जबाबदारी राहते ती वडिलांकडून हाती आलेल्या मालमत्तेपुरती. कोणाला त्यापलीकडे जाऊन पितृऋण म्हणून फेडावेसे वाटले, तर ती त्याची थोरवी. पण ती खऱ्या धनकोपाशी दाखवावी. कागद नसलेल्या आवाजाच्या पायाशी पितृऋण फेडायचे नसते.

रूपे अनेक

हा बहुरूपी थकबाकीच्या इतर सोंगांतही येतो. "मागील महिन्याचे बिल भरले नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल" हा संदेश २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रातील घरोघरी पोहोचला आणि महावितरणला पुन:पुन्हा सावधानतेची आवाहने करावी लागली. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा 'आज रात्री' हे शब्दच त्या संदेशाचा खोटेपणा उघड करतात.

झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचा प्रकार अधिक विषारी. टाळेबंदीच्या वर्षी, २०२० मध्ये, अडलेल्या माणसांनी चार-पाच हजारांसाठी ही अ‍ॅप उतरवून घेतली. कित्येकांना नकळत पैसे खात्यात आले. फोनमधील नातेवाइकांचे क्रमांक आणि छायाचित्रे तिकडे गेली आणि मग त्या साऱ्या नातेवाइकांना फोन सुरू झाले. बायकामुलींची विकृत केलेली छायाचित्रे पाठविण्यापर्यंत मजल गेली. तेलंगणात आत्महत्या घडल्या. डिसेंबर २०२० मध्ये हैदराबाद परिसरात पोलिसांनी अटका केल्या आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने जनतेला सावध केले. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी अशा अ‍ॅपना फोनमधील संपर्क, छायाचित्रे आणि कॉलची नोंद पाहण्यास बंदी घातली. बँका व वित्तसंस्थांशी जोडलेल्या अधिकृत अ‍ॅपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. भाच्याने कर्ज घेताना फोनच्या यादीत मामाचे नाव होते, म्हणून मामा जामीनदार होत नाही. असा फोन आलेल्या मामाने पैसे तर देऊ नयेतच. पण भाच्याला शिव्या घालण्याआधी त्याच्या घरी जाऊन यावे. अशा वेळी तो पोरगा कोणत्या अवस्थेत असेल, सांगता येत नाही.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. या फोनचे दुसरे टोक कोठे असते? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले गेले, सत्तर जणांना अटक झाली. ही मुलेमुली अमेरिकी नावे धारण करून, तेथील प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून, अमेरिकेतील लोकांना करथकबाकीच्या नावाने धमकावीत होती. समोर लिहून दिलेली संहिता, तीत कोठे दरडवायचे आणि कोठे नरमायचे ते सारे ठरलेले. त्याही आधी, २०१२ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खोट्या कर्जवसुलीचा एक उद्योग न्यायालयाकरवी थांबविला होता. त्यातही फोन करणारे भारतातून बोलत होते आणि गोळा झालेली रक्कम पन्नास लाख डॉलरहून अधिक होती. परदेशी म्हाताऱ्यांना लुबाडले तर आपले काय गेले, असे म्हणणारे महाभागही भेटतात. ज्या संहितेने तिकडची आजी रडली, तीच संहिता आज मराठीत आणि हिंदीत उतरून आपल्या गुरुजींच्या दारात उभी आहे. तेव्हा घरातील तरुण मुलगा "इंग्रजी बोलायची नोकरी, महिना तीस हजार, वर बक्षीस" अशी बातमी घेऊन आला, तर पेढे वाटण्यापूर्वी एकदा विचारावे : बाळ, तिकडे विकतात काय?

करायचे काय?

फोन ठेवून द्यावा. वाद घालू नये, शहाणपण दाखवू नये, भामट्याला खेळवू नये. तो दिवसाला शेकडो माणसांशी बोलतो, आपण वर्षातून एकदा. क्रमांक, तारीख, वेळ आणि सांगितलेले नाव वहीत लिहून ठेवावे. मग आपण होऊन संबंधित बँकेशी संपर्क साधावा. तोही पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या क्रमांकावर. भामट्याने दिलेला क्रमांक त्याच्याच जोडीदाराचा असतो आणि इंटरनेटवर शोधलेला 'ग्राहकसेवा' क्रमांकही पुष्कळदा त्यांनीच पेरलेला असतो. फोनच्या पडद्यावर उमटणारा क्रमांक वा नाव हा पुरावा मानू नये. तेही बनविता येते.

आपल्या नावावर खरोखर एखादे कर्ज आहे का, याची शंका आली तर सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. कोणी आपल्या कागदांवर परस्पर कर्ज उचलले असेल, तर तेही बहुधा त्यात सापडते. मुलांनी दिवाळीला घरी आल्यावर आईवडिलांचा हा अहवाल काढून द्यावा. फराळाच्या डब्याइतकाच तो उपयोगी आहे.

एक गुंतागुंत मात्र आहे. बँका बुडीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना खरोखरच विकतात. त्यामुळे कधीही न ऐकलेल्या कंपनीकडून आलेला प्रत्येक तगादा खोटाच, असे नाही. खरे कर्ज असेल तर ते फेडलेच पाहिजे. पण कर्ज विकले की नाही, हे मूळ बँकेला विचारावे आणि लेखी घ्यावे. खऱ्या वसुलीलाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जासाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ व बदनामी करता येत नाही. तसे घडले तर बँकेकडे आणि तेथे दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करता येते.

"निदान पाचशे रुपये भरा, फाईल थांबवतो" या गोडबोलेपणाला बळी पडू नये. साध्या कर्जाच्या दाव्याला सामान्यत: तीन वर्षांची मुदत असते, ती संपण्यापूर्वी केलेल्या अंशत: भरण्याने मुदत नव्याने सुरू होऊ शकते. आणि कर्ज मुळातच खोटे असेल, तर पाचशे रुपये भरणारा माणूस पाच हजारही भरेल, एवढीच नोंद तिकडे होते.

पैसे गेलेच, तर लाजेत वेळ घालवू नये. १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा, बँकेला कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात; तक्रार लवकर गेली तर वाटेत अडविता येतात. स्वत: पिन टाकून पाठविलेल्या पैशांची भरपाई बँक सहसा देत नाही, म्हणून हे पहिले काही तास मोलाचे. पैसे गेले नसतील तरी 'संचार साथी'वरील 'चक्षू' सुविधेत त्या क्रमांकाची तक्रार करावी. आपण वाचलो, पण पुढचे घर वाचायचे आहे.

आणि यात कार्यकर्त्याचे एक काम आहे. आपल्या वस्तीत दोघेच राहणारी वृद्ध दांपत्ये कोणती, हे आपल्याला ठाऊक असते. त्यांच्याकडे जावे, चहा घ्यावा, आणि अशा फोनचा विषय सहज काढावा. त्यांच्या मनात पोलिसांपेक्षाही मोठी धास्ती असते ती मुलांच्या एका वाक्याची : "बाबा, एवढंही कळलं नाही तुम्हांला?" हे वाक्य घरोघर बोलले जाते आणि पुढच्या भामट्याची वाट मोकळी करून देते, कारण पुढच्या वेळी बाबा मुलाला सांगतच नाहीत. ज्या घरात फसल्याची गोष्ट रात्रीच्या जेवणाच्या ताटावर मोकळेपणी सांगता येते, त्या घरात "मुलाला सांगू नका" ही अट चालत नाही.

तर, ते गुरुजी. हातात फोन, पडद्यावर अठ्ठावीस हजारांचा आकडा, पिन टाकायचा तेवढा बाकी. काकूंनी चष्मा लावला. म्हणाल्या, "अहो, पैसे कोणाच्या नावावर चाललेत ते तरी वाचा." कंपनीचे नाव नव्हते. पतसंस्थेचे नव्हते. कोणा एका माणसाचे नाव होते. गुरुजींनी फोन कानाला लावला आणि इतकी वर्षे वर्गात वापरलेला आवाज त्यांना सापडला. "कर्जखताची प्रत आणि माझ्या सहीचा कागद टपालाने पाठवा. पत्ता आपल्याकडे आहेच." पलीकडून एक शिवी आली आणि फोन बंद झाला.

दुपारी ते पतसंस्थेत गेले. लिपिकाने जुनी नोंदवही काढली. कर्ज २०१४ सालीच फिटलेले. समोर निरंक शेरा. त्याची प्रत घेऊन ते घरी परतले तेव्हा चार वाजून गेले होते. दारात कोणी आलेले नव्हते. रात्री त्यांनी मुलाला फोन करून सारे सांगितले, कपाळावरच्या घामासकट. मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, तो नंबर लिहून ठेवलाय ना? सांगा, मी तक्रार नोंदवतो."